बारा वर्षांची गीतकार: ग्रेस व्हँडरवालच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका

ग्रेस व्हँडरवाल हे नाव २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेतही कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी जून महिन्यात एनबीसी वाहिनीवरील 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' या स्पर्धेच्या अकराव्या पर्वात न्यूयॉर्क राज्यातील सफर्न गावची ही बारा वर्षांची मुलगी उकुलेले घेऊन मंचावर आली, स्वतः रचलेले 'आय डोन्ट नो माय नेम' हे गाणे गायली आणि सप्टेंबरमध्ये स्पर्धा जिंकून घरी गेली. डिसेंबरमध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने 'परफेक्टली इम्परफेक्ट' ही तिची पाच गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'जस्ट द बिगिनिंग' हा बारा गाण्यांचा पूर्ण अल्बम आला. या दोन ध्वनिमुद्रिका या परीक्षणाचा विषय आहेत. त्या नव्या नाहीत, तरीही त्यांच्याविषयी आज लिहावेसे वाटते याचे कारण कोल्हापुरातच आहे. राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत गाण्याचे वर्ग मुलांनी भरलेले असतात, एखाद्या वाहिनीची निवडचाचणी जाहीर झाली की पालक महिनाभर आधीपासून मुलांकडून अवघडात अवघड गाणी घोटून घेतात, आणि त्या सगळ्या मुलांपैकी स्वतःचे गाणे घेऊन जाणारे मूल शोधूनही सापडत नाही. ग्रेसच्या या गाण्यांचे मोल मला तिच्या गळ्यापेक्षा लेखणीमुळे वाटते, आणि जेथे ही गाणी फसली आहेत तेथेही ती लेखणीची पकड सैल झाल्यामुळेच फसली आहेत, असे माझे मत आहे.

स्पर्धेचे स्वरूप थोडे सांगायला हवे, कारण ध्वनिमुद्रिकांचे गुणदोष तेथूनच सुरू होतात. 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' ही केवळ गाण्याची स्पर्धा नाही. जादूगार, कसरतपटू, नकलाकार आणि नर्तक हे सगळे तेथे एकाच मंचावर येतात, आणि त्या वर्षी दुसरा क्रमांक मिळवणारी 'द क्लेअरव्हॉयंट्स' ही जोडी तर जादूचे प्रयोग करणारी होती. सायमन कॉवेल, हाउई मँडेल, मेल बी आणि हायडी क्लुम हे परीक्षक होते. निवडचाचणीत परीक्षकाला एक सोनेरी कळ दाबण्याचा अधिकार असतो आणि ती दाबली की स्पर्धक मधल्या फेऱ्या ओलांडून थेट प्रक्षेपणाच्या फेरीत पोहोचतो. ग्रेससाठी ती कळ मँडेल यांनी दाबली. अशा मिश्र मंचावर ताना आणि हरकती मोजल्या जात नाहीत. पाहणाऱ्याला काही निराळे दिसले की मत पडते, आणि बारा वर्षांच्या मुलीने स्वतःची चार निरनिराळी गाणी चार टप्प्यांवर गाणे हे निश्चितच निराळे होते. चाचणीनंतर तिने उपांत्यपूर्व फेरीत 'ब्युटिफुल थिंग', उपांत्य फेरीत 'लाइट द स्काय' आणि अंतिम फेरीत 'क्ले' ही गाणी सादर केली.

आपल्याकडील स्पर्धांचा पाया वेगळा आहे. झी मराठीवरील 'सारेगमप'मध्ये गाजलेली गाणी गायची असतात आणि मूळ गायकाच्या किती जवळ जाता येते, त्यापलीकडे आपली अशी एखादी जागा घेता येते का, यावर गुण ठरतात. कोल्हापूरच्या अभिजीत कोसंबी यांनी ही स्पर्धा याच कसोटीवर जिंकली, आणि २००९ मध्ये 'लिटिल चॅम्प्स'चे पर्व कार्तिकी गायकवाड हिने जिंकले तेव्हा तिच्याबरोबर आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत ही मुले घराघरांत पोहोचली तीही याच वाटेने. या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण उत्तम रचना वारंवार गाऊनच कान तयार होतो. मात्र स्पर्धा संपल्यावर या मुलांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गाणे कोठून आणायचे हा. शब्द कोणी लिहायचे, चाल कोणी लावायची, आणि ती येईपर्यंत काय करायचे? बहुतेकांच्या वाट्याला मग तीच जुनी गाणी आणि गणेशोत्सवातले वाद्यवृंद येतात. ग्रेसला हा प्रश्न पडला नाही. स्पर्धा संपली त्या रात्री तिच्याजवळ चार गाणी तयार होती, आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पाचपैकी चार तीच आहेत.

बालवयात मंचावर उभे राहणे कोल्हापूरला नवे नाही. ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आपल्या गावात आहे ते केशवराव भोसले लहानपणीच नाटक मंडळीत गेले, शारदेच्या भूमिकेने नावारूपाला आले, १९०८ मध्ये त्यांनी 'ललितकलादर्श' उभी केली आणि १९२१ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. लता मंगेशकर यांनीही उमेदवारीचे काही दिवस येथेच, मास्टर विनायक यांच्या चित्रपट कंपनीत काढले. लेखनाच्या बाजूने पाहायचे तर जगदीश खेबुडकर यांनी १९४८ च्या जाळपोळीत घर गेल्यानंतर सोळाव्या वर्षी पहिली कविता लिहिली. परंतु या सर्व उदाहरणांत कामाची वाटणी ठरलेली आहे: गाणारा गातो, लिहिणारा लिहितो, संगीतकार चाल लावतो. अपवाद शाहिरांचा. पोवाडा रचणारा, त्याची चाल ठरवणारा आणि डफावर थाप मारून तो गाणारा माणूस एकच असणे आपल्या पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, आणि त्या पोवाड्यातल्या एखाद्या ओळीत शब्द कमी पडला तर शाहीर तो आवाजाच्या जोरावर निभावून नेतो हेही पाहिले आहे. पाश्चात्त्य देशांत ज्यांना गायक-गीतकार म्हणतात त्यांची जात हीच. ग्रेसची गाणी ऐकताना चित्रपटगीताचे मोजमाप बाजूला ठेवून शाहिरीचे मोजमाप घेतले तर अनेक गोष्टी सोप्या होतात.

तिच्या हातातल्या वाद्याचाही विचार करावा लागेल. उकुलेले हे हवाई बेटांवरचे चार तारांचे छोटे वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून तेथे कामासाठी आलेल्या लोकांनी आणलेल्या वाद्यावरून ते घडले. तारा नायलॉनच्या असल्याने लहान बोटांना टोचत नाहीत. हार्मोनियमची पांढरी एक ही पट्टी षड्ज, म्हणजे सा, धरली तर तारांचे स्वर प, सा, ग, ध असे येतात, आणि गंमत अशी की वादकाच्या चेहऱ्याच्या बाजूची पंचमाची तार खर्जाची नसून वरच्या पंचमाची असते, त्यामुळे साऱ्या वाद्याला एक हलका, उजळ नाद येतो आणि भारदस्तपणा कधीच येत नाही. एका बोटाने एक पूर्ण स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट (कॉर्ड), लागतो. ग्रेसने वाढदिवसाच्या पैशातून उकुलेले घेतले आणि इंटरनेटवरील चित्रफिती पाहून ती ते शिकली. आपल्या वर्गांत मूल हार्मोनियमवर गाते आणि शिक्षक मुलाच्या बरोबरीने चालीतला प्रत्येक स्वर वाजवतात, म्हणजे चाल वाद्यातच असते आणि मुलाने तिच्यामागून जायचे असते. उकुलेलेवर फक्त स्वरमेळ छेडला जातो, चाल त्यात नसते. ती गाणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून आणायची असते. दोन-तीन स्वरमेळ जमले की मूल त्यांवर काहीतरी गुणगुणू लागते, आणि तेथे रचनेची सुरुवात होते. हार्मोनियम सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही, सुराची जाण तिच्यावरच येते, पण रचना करू पाहणाऱ्या मुलाच्या हाती स्वरमेळाचे एखादे वाद्य द्यायला हवे हे या ध्वनिमुद्रिका ऐकून माझे पक्के मत झाले आहे.

'परफेक्टली इम्परफेक्ट'ची सुरुवात 'आय डोन्ट नो माय नेम'ने होते. आपण कोण हे अजून कळलेले नाही, इतरांनी आखलेल्या खेळाचे नियम आपल्याला लागू पडत नाहीत, आणि आता कुठे स्वतःला शोधण्याची सुरुवात झाली आहे, एवढाच या गाण्याचा आशय. मोठ्या माणसाने हेच लिहिले असते तर तो विचार जुना वाटला असता. येथे तो तसा वाटत नाही, कारण बारा वर्षांचे मूल खरोखरच त्या वळणावर असते, आणि ग्रेसने त्या अवस्थेला कोणतेही उत्तर चिकटवलेले नाही. ध्रुवपद वरच्या स्वरांत उसळते, कडवी मात्र बोलल्यासारखी आहेत. काही ठिकाणी ओळीत अक्षरे जास्त झाली आहेत आणि ती ठेक्यात बसवण्यासाठी तिने शब्द भरभर उरकले आहेत. कसलेल्या गीतकाराने ती ओळ तासली असती. मला ती तशीच राहिली हे आवडले.

'ब्युटिफुल थिंग' हे तिने बहिणीसाठी लिहिलेले गाणे आहे आणि ते पाचांत सर्वांत साधे आहे. मराठीत भावंडांवरची गाणी पुष्कळ आहेत, पण ती बहुधा भाऊबीज किंवा सासरी जाणाऱ्या बहिणीच्या निमित्ताने येतात, आणि लिहिणारा मोठा कवी त्या नात्याकडे वळून पाहत असतो. येथे ते नाते चालू आहे, रोज भांडून रोज मिटणारे आहे, त्यामुळे गाण्यात व्याकूळता नाही, एक मोकळे कौतुक आहे. 'लाइट द स्काय' मैत्रिणींच्या आनंदाचे गाणे आहे. ते मंचावर टाळ्या घेण्यासाठी उपयोगी पडले असावे, ध्वनिमुद्रिकेत ते ऐकून सोडून देण्याइतकेच. स्पर्धेत न आलेले पाचवे गाणे 'गॉसिप गर्ल' चहाड्या आणि थापा यांवर गुजराण करणाऱ्या मुलीविषयी आहे. विषय शाळेच्या आवारातला, टोमणे नेमके, आणि गाण्याला थोडा तिरकस नखरा. पण त्यातले बोलणे मुलीचे कमी आणि दूरदर्शन मालिकेतले जास्त वाटते.

सर्वांत उत्तम गाणे 'क्ले'. शाळेत टोचून बोलणाऱ्या, दुसऱ्याला हिणवून मोठे होऊ पाहणाऱ्या मुलांना दिलेले हे उत्तर आहे. तुमच्या शब्दांनी माझा आकार बदलणार नाही, मी मातीचा गोळा नाही, असे ती म्हणते. प्रतिमा एकच आहे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांभाळलेली आहे; लहान मुलांच्या लेखनात ही गोष्ट दुर्मीळ असते, कारण मूल एका कल्पनेवर थांबत नाही, पुढच्या ओळीत दुसरी सुचली की तिकडे धावते. कोल्हापुरातल्या वाचकाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागणार नाही. गणपती जवळ आले की कुंभार गल्लीत मातीला बोटांखाली आकार घेताना येथे सगळ्यांनी पाहिले आहे, आणि मी ती माती नव्हे असे एखाद्या मुलीने ठणकावून सांगण्यात काय आहे ते त्यामुळे लगेच पोहोचते. गाण्यात राग आहे, पण आवाज चढलेला नाही. पहिले कडवे जवळजवळ पुटपुटल्यासारखे येते आणि ध्रुवपदातही ती ओरडत नाही, फक्त शब्दांवरचा दाब वाढवते. शाळांतील दादागिरीवर आपल्याकडे भाषणे आणि पथनाट्ये होतात. त्या विषयावर त्या वयाच्या मुलाने स्वतः लिहिलेले मराठी गाणे माझ्या ऐकण्यात नाही.

या छोट्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती ग्रेग वेल्स यांनी केली. उकुलेले जागच्या जागी ठेवून त्याभोवती ढोल, पियानो आणि मागे गाणारे आवाज रचण्याचे त्यांचे धोरण आहे आणि बहुतेक ठिकाणी ते संयमाने वापरलेले आहे. तरीही स्पर्धेतील चित्रफीत पाहून ज्यांनी हे गाणे प्रथम ऐकले त्यांना ध्वनिमुद्रित 'आय डोन्ट नो माय नेम'मध्ये काहीतरी हरवल्यासारखे वाटेल. मंचावर ती एकटी होती, चार तारा आणि एक आवाज, श्वास घेतल्याचेही ऐकू येत होते. ध्वनिमुद्रणात ठेका आला आणि त्या ठेक्याने गाण्याला एका चौकटीत बसवले. मंचावर ती ओळ किंचित लांबवून समेवर उशिरा येत असे, येथे तिला वेळेवर यावे लागते. ही तक्रार मोठी नाही, पण पुढच्या अल्बममध्ये हाच दोष मोठा झाला म्हणून ती येथे नोंदवली. खपाच्या दृष्टीने ही ध्वनिमुद्रिका यशस्वी ठरली, बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या २०० अल्बमच्या यादीत ती नवव्या क्रमांकावर दाखल झाली.

आता आवाजाविषयी. आपल्या परीक्षकांपुढे ही मुलगी उभी राहिली असती तर तिला किती गुण मिळाले असते याचा विचार मी अनेकदा केला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती पहिल्या फेरीत टिकली असती की नाही याची मला शंका आहे. तिचा आवाज घोगरा, किंचित बसका आहे, वरच्या स्वरांत तो मधूनच फाटतो, स्वर ती पुष्कळदा खालून घसरत घेते आणि शब्दांचे उच्चार इतके वाकवते की इंग्रजी उत्तम जाणणाऱ्यालाही काही ओळी कागदावर पाहाव्या लागतात. आपल्याकडे गोड आणि पातळ आवाज म्हणजे मुलीचा चांगला आवाज, असा एक समज गेली सत्तर वर्षे दृढ आहे आणि त्यामागे लताबाईंचा प्रभाव आहे हे उघड आहे. गोड गळ्याची कोणतीही मुलगी दिसली की तिला प्रतिलता म्हणून मोकळे होण्याची आपली सवयही त्यातलीच. अमेरिकाही या बाबतीत शहाणी नाही, कारण कॉवेल यांनी पहिल्याच भेटीत ग्रेसला पुढची टेलर स्विफ्ट ठरवून टाकले, आणि त्या एका वाक्याने तिच्यावर पुढची काही वर्षे एक माप लादले गेले जे तिच्या अंगाचे नव्हते. तिच्या आवाजाला पोत आहे आणि तो शब्दांच्या कामी येतो. 'क्ले'मध्ये आवाज जेथे फाटतो तेथे तो अर्थाच्या गरजेने फाटतो. सुराची शुद्धता हा गायकाचा धर्म असेल, पण स्वतःचे शब्द गाणाऱ्याला थोडी सूट मिळते, आणि शाहिरांना ती आपण कायम दिलेली आहे.

'जस्ट द बिगिनिंग' ३ नोव्हेंबर २०१७ रोजी आला तेव्हा ग्रेस तेरा वर्षांची होती. आधीच्या पाच गाण्यांपैकी एकही त्यात पुन्हा घेतलेले नाही, याबद्दल तिचे आणि कंपनीचे कौतुक केले पाहिजे. आपल्याकडे एक गाणे गाजले की ते तीन अल्बमना पुरवले जाते. पण एका वर्षात बारा नवी गाणी द्यायची आणि त्याच वर्षात शाळा, कार्यक्रम आणि मुलाखतीही करायच्या, म्हणजे मदत घ्यावी लागणारच. अल्बममध्ये व्यावसायिक सहलेखक आले, ध्वनिनिर्माते आले, आणि त्यांच्याबरोबर त्या वर्षी रेडिओवर जे चालत होते ते सगळे वाजवण्याच्या सवयीही आल्या. चुटक्या, संगणकावरचे ठेके, ध्रुवपदाच्या आधी एकाएकी सगळे शांत करून मग एकदम भरून टाकणे. ऐकायला वाईट नाही, फक्त ते कोणाचेही असू शकते.

आरंभीचे 'मूनलाइट' हे गाणे मात्र या सर्व सजावटीतूनही टिकते. नेहमी हसतमुख, सगळ्यांना आदर्श वाटणारी एक मैत्रीण आतून काचेच्या बाहुलीसारखी तडकत चालली आहे हे फक्त एका जुन्या मैत्रिणीला दिसते, असा त्याचा विषय. सहलेखक इडो झ्मिश्लानी यांचा हात येथे जाणवतो, गाणे घट्ट बांधलेले आहे, ओळींत एकही अक्षर जास्त नाही, आणि तरी निरीक्षण त्या वयाच्या मुलीचे आहे. मदत घेणे म्हणजे स्वत्व गमावणे नव्हे हे सिद्ध करणारे हे गाणे आहे, म्हणून माझ्या वरच्या तक्रारीला हा पहिला अपवाद. 'सो मच मोअर दॅन धिस' समाजमाध्यमांच्या काचेपलीकडे जगणे आहे असे सांगते. विचार योग्य आहे, पण त्यात उपदेशाचा सूर लागला आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीने उपदेश करू लागणे हे मला अल्बममधले सर्वांत खटकलेले वळण आहे. 'सिक ऑफ बीइंग टोल्ड'मध्ये सतत सल्ले ऐकून आलेला वैताग आहे. तो खरा आहे, आणि त्या वर्षभरात तिला किती जणांनी काय काय सांगितले असेल याचा विचार केला तर गाण्याला एक निराळाच अर्थ येतो. 'जस्ट अ क्रश' आणि 'टॉक गुड' ही गाणी नसती तरी चालले असते.

अल्बमच्या शेवटी 'डार्कनेस कीप्स चेसिंग मी' आहे. साथ कमी होते, उकुलेले पुन्हा पुढे येते, आणि अंधार पाठलाग करतो आहे ही एकच गोष्ट ती वळवून वळवून सांगते. येथे प्रतिमा पुन्हा एकच आहे, तीच लेखणी पुन्हा दिसते. बाराव्या क्रमांकावर हे गाणे ठेवण्यात कंपनीचा हिशेब काय होता हे मला उलगडत नाही. पहिल्या दोन-तीन गाण्यांवरूनच आजचा श्रोता पुढे जायचे की नाही हे ठरवतो, आणि या मुलीची खरी ओळख करून देणारे गाणे तळाशी ठेवले आहे. हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत बाविसाव्या क्रमांकावर दाखल झाला, म्हणजे पहिल्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा खाली. स्पर्धेची हवा ओसरली हे त्याचे एक कारण असणारच, पण त्यापलीकडे, जी मुलगी तिच्या वेगळेपणामुळे निवडली गेली तिला इतरांसारखी वाजवून दाखवण्याचाही त्यात वाटा असावा असे मला वाटते.

स्पर्धांच्या बक्षिसांविषयी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विजेत्याला दहा लाख डॉलर अशी घोषणा होते, प्रत्यक्षात ती रक्कम चाळीस वर्षांच्या हप्त्यांनी मिळते, किंवा एकरकमी हवी असेल तर तिचे आजचे मोल म्हणून पुष्कळ कमी रक्कम घ्यावी लागते. ही अट लपवलेली नसते, कार्यक्रमाच्या अखेरीस बारीक अक्षरांत दाखवली जाते. आपल्याकडील स्पर्धांचे करारही पालकांनी याच नजरेने वाचावेत. ग्रेसची पुढची वाटचाल थोडक्यात सांगायची तर २०१८ मध्ये इमॅजिन ड्रॅगन्स या बँडच्या दौऱ्यात ती सुरुवातीची कलाकार होती, २०१९ मध्ये 'लेटर्स: व्हॉल्यूम वन' ही छोटी ध्वनिमुद्रिका आली, २०२० मध्ये डिस्नेच्या 'स्टारगर्ल' चित्रपटात तिने प्रमुख भूमिका केली, आणि २०२५ मध्ये 'चाइल्डस्टार' हा अल्बम तिने दुसऱ्या कंपनीतून काढला. लहान वयात प्रसिद्ध होण्याची किंमत काय असते हा त्या अल्बमचा विषय आहे आणि त्याचे परीक्षण स्वतंत्रपणे व्हायला हवे. त्यातील काही भाग लहान मुलांना ऐकवण्यासारखाही नाही.

पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका मात्र घरात सर्वांसमवेत निःसंकोच ऐकता येतात, आणि संगीत ऐकवणाऱ्या सर्व प्रचलित ॲपवर त्या उपलब्ध असल्याने सीडी शोधत फिरण्याचे कारण नाही. इंग्रजी सोपे आहे. उच्चार वळवलेले असल्यामुळे पहिल्या वेळी शब्द समोर ठेवून ऐकावे. ऐकण्याचा क्रम मी असा सुचवेन की प्रथम स्पर्धेतील चाचणीची चित्रफीत पाहावी, मग 'परफेक्टली इम्परफेक्ट' सलग ऐकावी आणि त्यातले 'क्ले' पुन्हा ऐकावे, आणि 'जस्ट द बिगिनिंग'मधून 'मूनलाइट', 'सिक ऑफ बीइंग टोल्ड' आणि 'डार्कनेस कीप्स चेसिंग मी' एवढी तीन गाणी निवडावीत. ज्यांना सुरेल, घोटलेले गायन ऐकायचे आहे त्यांची येथे निराशा होईल आणि त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या घरात वहीच्या मागच्या पानांवर ओळी लिहिणारे मूल आहे त्यांनी पहिली ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकवावी, दुसरी त्याने स्वतः मागितली तर. गाण्याच्या शिक्षकांना माझी विनंती अशी की 'क्ले' हे गाणे मुलांकडून बसवून घेऊ नये. ते एकदा ऐकवावे आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या शाळेविषयी मराठीत चार ओळी चालीसकट आणाव्यात असे सांगावे.